निपल पिअर्सिंग बरं होतं आणि पुन्हा चिघळतं: तपासणी कुठून सुरू करायची

टोचल्यावर दोन-तीन महिने सगळं शांत असतं. मग एखाद्या आठवड्यात एक बाजू लाल होते, बनियनला किंवा ब्राला पिवळा डाग पडतो, मेडिकलमधून मलम येतं, चार दिवसांत लाली जाते. महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माणूस वैतागून निपलमधली धातूची दांडीच उपटून टाकतो आणि तिथून खरं दुखणं सुरू होतं.

हे चक्र जंतूंमुळे सुरू झालेलं क्वचितच असतं. दांडी लांब किंवा आखूड असते, धातू हलक्या प्रतीचा असतो, कपडा घासत असतो, नाहीतर रोज चार वेळा धुऊन धुऊन कातडी सोलवटलेली असते. मलम यातल्या कशालाच हात लावत नाही, म्हणून त्रास परत येतो. तेव्हा आधी फुकटातल्या गोष्टी तपासायच्या, मग पैशाच्या, आणि काही खुणा दिसल्या की सगळं सोडून डॉक्टरकडे जायचं. ही सगळी माहिती 18 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे.

आधी लक्षणं नीट ओळखा

निपलची जखम बाहेरून आत अशी भरते. तोंडाशी कातडी धरली की वाटतं झालं बरं, पण आतली नळी अजून कच्चीच असते. पूर्ण भरायला 6 ते 12 महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. कानाची पाळी 6 ते 8 आठवड्यांत भरते, म्हणून कानाचा अनुभव इथे लावू नका. निपलमधून दुधाच्या नळ्या जातात, ते थंडीने आणि स्पर्शाने आकसतं, आणि दिवसभर कपड्याखाली दाबलेलं असतं. पुरुषांचंही तसंच; फक्त मांस कमी असल्यामुळे दांडी वर सरकण्याचा धोका थोडा जास्त.

या काळात दांडीच्या दोन्ही टोकांना पांढुरकी-पिवळसर लस येऊन तिची खपली धरणं, मधूनच खाज, धक्का लागला की दोन दिवस दुखणं, हे सगळं चालतं. लस पातळ असते, वाळली की कुरकुरीत होते, वास जवळजवळ नसतो. जुन्या, भरलेल्या भोकातून कधीतरी चिकट पांढरं काही निघतं आणि त्याला आंबूस वास येतो. तो त्वचेचा तेलकट मळ. कानातल्या डुलाच्या भोकातही तोच असतो.

पू वेगळा. तो दाट, पिवळा-हिरवट, घाण वासाचा असतो आणि सोबत ठणका असतो. बोट लावलं की जागा कढत लागते. लाली टोकापुरती न राहता पसरत जाते.

तिसरा प्रकार म्हणजे भोकाच्या तोंडाशी आलेला लालसर, ओलसर गोळा. याला सरसकट केलॉइड म्हणायची पद्धत पडली आहे. केलॉइड जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जातं, टणक असतं आणि आपोआप बसत नाही. छातीवर ते होण्याची शक्यता इतर जागांपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण भोकाला चिकटून असलेला, धक्का लागला की रक्त येणारा मऊ गोळा बहुधा घासणीमुळे आलेलं फाजील मांस असतं, आणि घासण गेली की काही आठवड्यांत बसतं. घरात कुणाला जुन्या व्रणावर केलॉइड झालेलं असेल, तर मात्र वाट न बघता स्किन स्पेशालिस्टला दाखवा.

चौथा प्रकार फसवा. दुखत नाही, पू नाही, पण दांडीच्या टोकांना बसवलेल्या दोन बॉलमधलं कातडीचं अंतर कमी होत चाललंय, भोक मोठं दिसतंय, दांडीवरची कातडी चकाकते. शरीर दांडी बाहेर ढकलतंय. याचं पुढे येईल.

पहिली तपासणी: आपण काय काय लावतोय?

खर्च शून्य. जे लावताय त्याची यादी करा.

हळद, खोबरेल, कडुलिंबाचं पाणी, डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही असेल तर आजपासून बंद. हळदीला घरात मान आहे, पण ती भुकटी आहे. ओल्या भोकात गेली की लसीत मिसळून तिचा खडा होतो आणि तोच दांडीबरोबर आत-बाहेर घासतो. तेलाने तोंड बुजतं, आतली लस आतच राहते. जंतुनाशकं जंतूंबरोबर नवी कोवळी कातडीही मारतात.

सगळ्यात जास्त गोंधळ घालतं ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारं तिहेरी मलम, ज्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. स्टेरॉइड लाली दाबतं, म्हणून चार दिवसांत गुण आल्यासारखा वाटतो. पण तेच स्टेरॉइड कातडी पातळ करतं आणि जखम भरणं लांबवतं. मलम थांबवलं की लाली दुपटीने वर येते आणि माणूस नवी ट्यूब आणतो. वर त्यातल्या निओमायसिनसारख्या औषधाची अनेकांना ॲलर्जी असते, तीही लालीच दाखवते. 'दर महिन्याला येतं' म्हणणाऱ्याने आधी ही ट्यूब घरात आहे का ते बघावं. महिनोन्‌महिने लावत असाल, तर बंद कशी करायची ते स्किन स्पेशालिस्टला विचारून ठरवा.

लावायचं एकच: 0.9 टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. मेडिकलमध्ये 'एन.एस.' किंवा 'नॉर्मल सलाईन' म्हणून मागा, 100 मिलीची बाटली घ्या. 500 मिलीची स्वस्त पडते, पण उघडल्यावर 24 तासांनंतर ती निर्जंतुक धरता येत नाही आणि उरलेली कुणी फेकत नाही. घरी मीठ विरघळवू नका. अंदाजाने टाकलेलं मीठ जवळजवळ नेहमी जास्त होतं, आणि खारट पाणी कातडी कोरडी करून फोडतं.

पद्धत अशी. साबणाने हात धुवा. गॉझचा तुकडा सलाईनमध्ये भिजवून दोन-तीन मिनिटं दोन्ही टोकांवर धरा. खपली मऊ झाली की गॉझनेच अलगद टिपा. जी निघत नाही ती राहू द्या. मग कोरड्या गॉझने किंवा टिश्यूने ओल टिपून घ्या. कापूस वापरू नका, त्याचे धागे बॉलखाली अडकतात. सकाळी एकदा, रात्री एकदा, बस्स. दांडी फिरवायची नाही, आत-बाहेर सरकवायची नाही. कान टोचल्यावर डूल फिरवायची रीत जुनी आहे, पण फिरवताना वाळलेली खपली आत ओढली जाते आणि आतली कोवळी कातडी चिरते. त्या चिरेतूनच पुढचं सगळं सुरू होतं.

हे इतकंच दोन आठवडे करा. बऱ्याच जणांचं दुखणं इथेच संपतं.

दुसरी: कपडा, झोप, घाम, पाणी

कुठे घासतं ते शोधायला सोपी युक्ती आहे. पांढरा सुती बनियन किंवा ब्रा दिवसभर घाला आणि रात्री डाग कुठे पडला ते बघा. डाग नेहमी एकाच बाजूला पडत असेल, तर त्या बाजूला काहीतरी दाबतंय. तिरकी बॅग छातीवरून जाते का? गाडीवर मागे बसणाऱ्याचा हात, पोटाशी धरलेलं मूल, कुशीवर झोपायची सवय? लेसची ब्रा, जाळीचा टी-शर्ट आणि अंघोळीची जाळीदार घासणी हे तीन हमखास अडकणारे. अंगावर ओढून काढायचा टॉवेल चौथा.

सुती, अंगासरशी पण न आवळणारा कपडा बरा. पूर्ण मोकळं सोडण्यापेक्षा हलका आधार चांगला, कारण हलणं कमी होतं. पालथं झोपत असाल तर रात्री स्पोर्ट्स ब्रा किंवा अंगाला बसणारा बनियन घाला.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्या कोल्हापुरात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि सगळेच ओलसर कपडे घालून घराबाहेर पडतात. ओलसर ब्रा दहा तास अंगावर म्हणजे जखमेला वाफारा. आतला कपडा घालण्याआधी त्याच्यावर इस्त्री फिरवा. रेनकोटखाली घाम साचतो, तेव्हा ऑफिसात पोचलं की कोरडा बनियन बदला. निरमा-सर्फचा अंश राहिलेला कपडाही खाज आणतो, म्हणून एकदा जास्त खळबळून घ्या.

विहीर, रंकाळा किंवा कळंबा तलाव, पंचगंगा नदी, जलतरण तलाव, काहीही असो, जखम पूर्ण भरेपर्यंत पोहणं बंद. पुराच्या पाण्यात छातीपर्यंत उतरावं लागलं असेल (2019 आणि 2021 पाहिलेल्यांना हे सांगायला नको), तर त्याच दिवशी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि मग सलाईनने धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. 5 वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

तालमीत जाणाऱ्यांना एक वेगळं सांगणं. हौद्यातली लाल माती अंगाला चांगली, उघड्या जखमेला नाही. माती भोकात शिरते, वर प्रतिस्पर्ध्याची पकड दांडीवर आली की भोक फाटतं. वर्षभर मातीत उतरायचं असेल, तर आधी टोचून घेऊ नये. जिमवाल्यांनी बेंच प्रेसच्या वेळी बार छातीला कुठे टेकतो ते बघावं.

जोडीदाराचं तोंड, लाळ आणि न धुतलेले हातही या यादीत येतात. भरेपर्यंत लांब ठेवा. संकोचामुळे हे कुणी विचारत नाही, आणि घोळ इथेच होतो.

तिसरी: तारखा लिहून ठेवा

बायकांसाठी ही फुकट आणि फार कामाची तपासणी आहे. त्रास कधी वर येतो त्याच्या तारखा तीन महिने कॅलेंडरवर मांडा. पाळीच्या आधी आठवडाभर स्तन सुजतात, जड होतात. दांडी जेमतेम लांबीची असेल तर त्या दिवसांत बॉल कातडीत रुततात, पाळी आली की सैल पडतात. तारखा जुळल्या तर औषध सोडा आणि थेट पुढची तपासणी करा.

चौथी: मोजमाप

इथे थोडं थांबायला हवं, कारण दुरुस्तीला येणाऱ्यांत निम्मं काम मापाचंच असतं.

निपलसाठी सरळ दांडी, म्हणजे बारबेल, हवी. 14 गेज, म्हणजे 1.6 मिमी जाडी. काही जण 12 गेज, म्हणजे 2 मिमी वापरतात, तेही योग्य. त्याहून बारीक नको. तारेने साबणाची वडी कापतात तशी बारीक दांडी ताण आला की कातडी कापत वर येते. पहिल्या वर्षात रिंग नको. रिंग झुलते, फिरते, आणि गोल असल्यामुळे सरळ भोकावर दोन्ही तोंडांशी दाब देते.

लांबी प्रत्येकाची वेगळी. टोचताना सूज धरून जास्त लांबीची घालतात, साधारण 12 ते 16 मिमी. सूज दोन-तीन महिन्यांत ओसरते आणि तीच दांडी आता लांब पडते. लांब दांडी सरकते, कपड्यात अडकते, एका बाजूला ओढते. टोचणारे लांबी कमी करायला परत बोलवतात आणि लोक जात नाहीत, कारण तेव्हा दुखत नसतं!

मोजायला व्हर्नियर हवा, म्हणजे मिमीच्या अंशापर्यंत माप देणारी जबड्यांची पट्टी. उद्यमनगरातल्या कारखान्यांत ज्याच्या घरचा कुणी कामाला आहे, त्याला तो आणून देणं अवघड नाही. व्हर्नियरच्या जबड्यांना स्पिरिट पुसून वाळू द्या आणि कातडीला न टेकवता दोन्ही बॉलच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या. ही झाली दांडीची कामाची लांबी. मग एका बाजूचं भोक ते दुसऱ्या बाजूचं भोक हे अंतर. दोन्ही मापं निपल सैल असताना आणि थंडीने उभं राहिलेलं असताना अशी दोनदा घ्या, आणि मोठं माप धरा.

भरत आलेल्या जखमेला दोन्ही बाजू मिळून साधारण 2 मिमी मोकळीक पुरते. नव्या जखमेला 3 ते 4. मोकळीक शून्य असेल, बॉलचा वळ कातडीवर उमटत असेल, तर दांडी आखूड आहे आणि ती लगेच बदलायला हवी. 5-6 मिमी मोकळीक असेल तर लांब आहे.

भोक ते भोक हे अंतर दर महिन्याच्या एका तारखेला लिहून ठेवा. ते 10 वरून 9 झालं तर लक्ष ठेवा. 7-8 वर आलं, किंवा कातडीतून धातू राखाडी दिसायला लागला, तर शरीर दांडी बाहेर ढकलतंय आणि आता ती वाचवण्यात अर्थ नाही. वेळेत काढली तर बारीक व्रण राहतो, फाटून बाहेर आली तर निपल दुभंगतं. टोचताना दांडी निपलच्या बुडातून, गडद वर्तुळ सुरू होतं तिथून गेली पाहिजे. शेंड्याजवळून गेली असेल तर ती ढकलली जाणारच. वर्तुळाच्या सपाट कातडीतून गेली असेल तर वर्षानुवर्षं रडत बसते. दोन्हीवर उपाय एकच: काढणं.

बॉल घट्ट आहेत ना, हेही रोज धुतलेल्या हाताने बघा. सैल बॉल आट्यांवर डुगडुगतो आणि तेवढीच दांडी हलते.

पाचवी: धातू

कोल्हापूरकराला धातूचं ज्ञान शिकवायची गरज नाही. फक्त जखमेतला धातू आणि अंगावरचा दागिना यांत फरक आहे, एवढंच लक्षात ठेवायचं.

चांदी नको. हुपरीची पैंजणं पायात शोभतात, पण चांदी जखमेच्या ओलीत काळी पडते आणि तिचे कण कातडीत शिरून कायमचा निळसर-राखाडी डाग ठेवतात. तो धुऊन जात नाही.

22 कॅरेट सोनं बरंच शुद्ध असूनही इथे जमत नाही, ते मऊ आहे. ओरखडे पडतात, आटे झिजतात, आणि ओरखड्यांत मळ बसतो. सोनंच हवं असेल तर 14 किंवा 18 कॅरेटचं, निकेल नसलेलं, झाळून न जोडलेलं, एकसंध घडवलेलं. गुजरीतल्या सोनाराला 'भेसळीत निकेल नको' असं स्पष्ट सांगावं लागतं, विशेषतः पांढऱ्या सोन्याला. एक ग्रॅमचं, पॉलिशचं काहीही नको, मुलामा उडाला की खालचं पितळ थेट जखमेला लागतं.

स्टीलबद्दल: 'सर्जिकल स्टील' हे दुकानात चालणारं नाव आहे, ग्रेड नव्हे. 304 ग्रेडच्या स्टीलमध्ये 8 टक्क्यांच्या वर निकेल असतं, 316 एलमध्ये 10 च्या वर. शरीरात बसवायच्या दर्जाचं स्टील ए.एस.टी.एम. या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ 138 या मानकाचं असतं. त्यातलं निकेल घट्ट बांधलेलं असतं, बहुतेकांना चालतं. पण पट्ट्याच्या बकलने किंवा घड्याळाच्या केसने ज्याला पुरळ उठतं, त्याने स्टीलच्या वाटेला जाऊ नये. निकेलची ॲलर्जी एक-तीन दिवसांनी वर येते: खाज जास्त, ठणका कमी, बारीक पुटकुळ्या आणि कोरडी सालपटं.

सगळ्यात निर्धोक टायटॅनियम, मानक ए.एस.टी.एम. एफ 136. नायोबियमही चालतं. विकणाऱ्याकडे मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे धातूत काय किती आहे त्याचा कारखान्याचा दाखला, मागा. शिरोलीच्या कोणत्याही कारखान्यात सळईबरोबर ते येतं, मग छातीत घालायच्या सळईला का नको?

दोन घरगुती चाचण्या आहेत, दोन्ही दांडी घालायच्या आधी करायच्या. लोहचुंबक चिकटलं तर तो माल फेकून द्या. नाही चिकटलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, 316 एललाही सहसा चिकटत नाही. दुसरी चाचणी वजनाची, आणि ती जास्त बोलकी. टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. 1.6 मिमी जाड, 14 मिमी लांब दांडी आणि 4 मिमीचे दोन बॉल असा नग सोनाराच्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. साधारण 0.4 ग्रॅम भरला तर टायटॅनियम, पाऊण ग्रॅमच्या आसपास गेला तर स्टील. ग्रेड यावरून कळत नाही, पण टायटॅनियमच्या भावात स्टील गळ्यात मारलं का ते कळतं.

आट्यांकडेही बघा. आटे दांडीच्या बाहेर कापलेले असतील तर घालताना-काढताना प्रत्येक आटा आतली कातडी खरवडतो. आटे बॉलच्या खुंटीला आणि दांडीला आतून भोक, ही रचना हवी. नखाने चाचपून कळतं: दांडीचं टोक गुळगुळीत लागलं पाहिजे.

दांडी बदलायचं काम पहिल्या वर्षात घरी करू नका. टोचणाऱ्याकडे जा, आणि बसण्याआधी तीन गोष्टी विचारा. दागिना ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) 121 अंशाला किमान 15 मिनिटं गेलाय का? सुई एकदाच वापरायची आणि तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली आहे का? हातमोजे नवे आहेत का? उकळत्या पाण्यात टाकलं, स्पिरिटने पुसलं, ही उत्तरं आली तर उठून या. टोचायची गन दिसली तरी उठा, तिचा दट्ट्या मांस कापत नाही, चिरडतो, आणि प्लॅस्टिकची असल्यामुळे ती ऑटोक्लेव्हमध्ये जातच नाही.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

खालचं काही असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवा.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर. दाट पू आणि ठणका. स्तनात कढत, कडक, दुखरा भाग. लालीच्या कडेला पेनने रेघ मारा; काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून गेली तर त्याच दिवशी जा. काखेत गाठ किंवा काखेकडे जाणारी लाल रेषा. बॉल कातडीत बुडून दिसेनासा झालेला. निपलच्या तोंडातून रक्त, किंवा गरोदर नसताना दूध. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर साध्या लालीलाही दाखवा.

एक लक्षण वेगळं काढून सांगतो, कारण ते हमखास चुकतं. टोचून काही आठवडे किंवा काही महिने झाल्यावर हळूहळू वाढणारी गाठ, फारसं दुखत नाही, ताप नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकने जरा बसते आणि परत येते. हे टी.बी.च्या जंतूंच्या नात्यातल्या मायकोबॅक्टेरियांचं काम असू शकतं. ते पाण्यात आणि मातीत राहतात, आणि निपल पिअर्सिंगनंतर झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. साध्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या चाचणीत) ते सहसा सापडत नाहीत आणि उपचार महिनोन्‌महिने चालतो. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की इथे पिअर्सिंग आहे, अमुक महिन्यात केलं, आणि पू किंवा गाठीचा नमुना मायकोबॅक्टेरियासाठीही पाठवायचा का ते विचारा. गाठ पिअर्सिंगमुळेच आली असं धरूनही चालू नका. स्तनातली कोणतीही टिकून राहिलेली गाठ तपासूनच घ्यायची असते, पुरुषांनीसुद्धा.

जाण्याआधी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेऊ नका. अर्धवट डोसाने पू दबतो, कल्चर कोरं येतं आणि डॉक्टरला अंधारात औषध द्यावं लागतं.

कुठे जायचं? लाली आणि खाज असेल तर स्किन स्पेशालिस्ट, पू किंवा गाठ असेल तर जनरल सर्जन. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून सर्जरी विभाग. बाईमाणसाला बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरच्यांना कळेल या भीतीने आठवडा घालवणं सगळ्यात महाग पडतं.

दांडी काढायची असेल तर

पू असताना स्वतः काढू नका. दांडी आहे तोवर भोक उघडं राहतं आणि पू बाहेर येतो. दांडी निघाली की तोंडं मिटतात, पू आत कोंडतो आणि गळू होतं. अशा वेळी ठेवायची की काढायची ते डॉक्टर ठरवतील.

पू नसेल, जखम भरलेली असेल, तर घरी जमतं. अंघोळीनंतर करा, कातडी मऊ असते. बेसिनचं भोक बुजवा, नाहीतर बॉल गेला म्हणून समजा. हात धुऊन नायट्राइलचे हातमोजे घाला. नुसत्या बोटांत ओला बॉल फिरत नाही, घसरतो. कोमट सलाईनचा गॉझ 5 ते 10 मिनिटं धरा म्हणजे आट्यांत अडकलेली खपली सुटेल. एका हाताने एक बॉल पक्का धरा, दुसरा बॉल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बॉलबरोबर दांडीही फिरत असेल तर थांबा आणि पकड बदला. दांडी आत गरगर फिरवून बॉल काढणं म्हणजे आतून खरवडणं. बॉल निघाला की दांडीचं उघडं टोक गॉझने पुसा. आटे बाहेरचे असतील तर त्यावर पाण्यात विरघळणारी निर्जंतुक जेली लावा. मग दुसऱ्या बॉलला धरून सावकाश, सरळ रेषेत बाहेर घ्या. अडकली तर ओढू नका.

पक्कड घेऊ नका. तिचे दात बॉलवर ओरखडे पाडतात आणि घसरली तर निपल चिमटतं. दांडी कापू तर मुळीच नका. कापलेल्या टोकाला जी धार येते, ती बाहेर येताना भोकाची लांबी चिरत येते. बॉलने बंद होणारी रिंग घरी उघडायची नाही. ती ताणावर बसलेली असते आणि तिला वेगळी चिमट लागते. बॉल कातडीत बुडालेला असेल तर ते काम सर्जनचं, सुन्न करून करायचं.

काढल्यावर दोन आठवडे सकाळ-रात्र सलाईन. भोक किती लवकर मिटेल सांगता येत नाही: नवं तासाभरात, जुनंही दिवसभरात आकसू शकतं. एक्स-रे किंवा मॅमोग्राफीपुरती काढायची असेल तर टोचणाऱ्याकडून काचेची किंवा पी.टी.एफ.ई. या प्लॅस्टिकची दांडी आधीच घेऊन ठेवा आणि तिथल्या तंत्रज्ञाला दाखवा. एम.आर.आय.ला टायटॅनियम असलं तरी आधी सांगायचंच. बाळंतपण जवळ आलं असेल तर दूध पाजायला सुरुवात करण्याआधी दांडी काढून ठेवा. सुटलेला बॉल बाळाच्या घशात जाऊ शकतो. पाजताना जुन्या भोकातूनही दूध झिरपू शकतं, त्याला काही करावं लागत नाही.

त्याच जागी पुन्हा टोचायचं असेल तर किमान 6 महिने थांबा आणि जुन्या व्रणाच्या शेजारून, थोडं मागून घ्यायला सांगा. पहिली दांडी ढकलली गेली असेल तर दुसरीही जाण्याची शक्यता असते, तेव्हा आधी टोचणाऱ्याला निपलच्या बुडाची रुंदी मोजायला लावा. ती 8 मिमीपेक्षा कमी भरली आणि तरी तो 'होतंय की' म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.